फिर्याद दिली, पुढे काय?

चाकण एमआयडीसीतून रात्री उशिरा सुटलेला कामगार पायी रूमकडे निघतो आणि दुचाकीवरचे दोघे त्याच्या हातातला मोबाइल हिसकावून पळतात. सकाळी पोलिस ठाण्यातून तो एक कागद घेऊन बाहेर पडतो. त्यावर लिहिलेलं असतं, 'मोबाइल गहाळ'. नवं सिमकार्ड घ्यायला तेवढं पुरतं, म्हणून तो निमूटपणे कामावर जातो. पण गहाळ म्हणजे स्वतःच्या हातून हरवलेला! त्या कागदामुळे चोर शोधण्याची जबाबदारी कुणावरच येत नाही.

हिसकावून नेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 304 खाली गुन्हा आहे आणि तो दखलपात्र आहे. दखलपात्र गुन्हा नोंदवणं पोलिसांवर बंधनकारक असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये ललिता कुमारी खटल्यात सांगितलं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत एक सवलत आहे. तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यांत वरिष्ठांच्या परवानगीने 14 दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. मात्र ही चौकशी म्हणजे नकार नव्हे. कागद घेताना वर काय लिहिलंय ते वाचा. एफआयआर असेल तर तिची प्रत मोफत मिळते. नोंदवायलाच नकार दिला, तर पोलिस उपायुक्तांना, ग्रामीण भागात अधीक्षकांना, लेखी तक्रार पाठवायची. तिथेही दाद लागली नाही, तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

'आमच्या हद्दीत येत नाही' हे उत्तर या पट्ट्यात फार ऐकू येतं. 15 ऑगस्ट 2018 ला पिंपरी-चिंचवड पोलिस आयुक्तालय सुरू झालं. चाकण, आळंदी, तळेगाव त्यात गेलं. राजगुरूनगर आणि शिक्रापूर पुणे ग्रामीणकडे राहिलं. चाकण-शिक्रापूर रस्त्यावर लुटला गेलेला ट्रकचालक कुणाच्या हद्दीत होता, हे त्याने का ठरवावं? हद्द कुठलीही असो, तक्रार घ्यावीच लागते. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्येच तसं लिहिलेलं आहे. शून्य क्रमांकाने नोंद होते आणि कागद योग्य ठाण्याकडे पोलिसांनीच पाठवायचा असतो. मार खाऊन परभणीला किंवा बिहारला गावी निघून गेलेला मुलगा तिथल्या ठाण्यातही फिर्याद देऊ शकतो. ऑनलाइन दिली, तर तीन दिवसांत सही करावी लागते.

आता सगळ्यात खोलवर रुजलेला समज: केस सरकार विरुद्ध आरोपी, आपण नुसते साक्षीदार. बोलावलं की जायचं. खटला सरकार चालवतं, हे खरंच आहे. पण लखीमपूर खिरी प्रकरणात 18 एप्रिल 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की तपासापासून अपिलापर्यंत प्रत्येक टप्प्यावर पीडिताला म्हणणं मांडण्याचा हक्क आहे, आरोपीच्या जामिनाच्या वेळीसुद्धा. तपास कुठवर आला हे पोलिसांनी 90 दिवसांच्या आत कळवायचं असतं. वकील लावला असेल, तर दोषारोपपत्राची प्रत पीडितालाही मिळते. मात्र हा वकील सरकारी वकिलाला साहाय्य करतो. साक्षीदारांची उलटतपासणी त्याच्या हाती जात नाही. हे आधीच समजून घेतलं तर पुढचा मनस्ताप टळतो.

तपास बंद होतो, तेव्हा तर गाफील राहूच नये. महाराष्ट्रात याला समरी म्हणतात. गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही तर 'ए', तक्रारच खोटी ठरवली तर 'बी', गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाची ठरवली तर 'सी'. समरी पोलिस पाठवतात. ती मंजूर करायची की नाही, हे न्यायालय ठरवतं. मंजुरीपूर्वी फिर्यादीला नोटीस देऊन ऐकून घ्यावं लागतं, असा 1985 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. भाड्याची खोली बदलली आणि पत्ता कळवला नाही, तर ही नोटीस जुन्या दारावरून परत जाते. पत्ता बदलला की पोलिसांना लेखी कळवा.

8 डिसेंबर 2023 ला तळवड्यात केकवर लावायच्या स्पार्कल मेणबत्त्यांच्या कारखान्यात आग लागली. मरणाऱ्यांत बहुतेक महिला कामगार होत्या. अशा वेळी घरच्यांना वाटतं, ज्याच्यावर अन्याय झाला तोच गेला, आता कोण बोलणार? कायद्याच्या व्याख्येत वारसदारही पीडितच आहेत. आरोपी सुटला, कमी गंभीर गुन्ह्यात दोषी ठरला किंवा भरपाई अपुरी मिळाली, तर तेही अपील करू शकतात. शिक्षा कमी वाटते एवढ्यावरून मात्र पीडिताला अपील करता येत नाही. भरपाईसाठी आरोपी सापडावाच लागतो, हाही गैरसमजच. आरोपीचा माग लागला नाही तरी पीडित ओळखलेला असेल, तर तो किंवा त्याच्यावर अवलंबून असलेले लोक जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करू शकतात.

ठेकेदार म्हणतो, 'बाँडवर सही कर, केस मिटवून टाकू.' साधी मारहाण असेल तर तडजोड होऊ शकते. बलात्कार, दरोडा, खुनाचा प्रयत्न यांत शंभर रुपयांच्या स्टॅम्प पेपरने केस मागे घेता येत नाही. उलट खोटी साक्ष द्यायला धमकावणं हाच वेगळा गुन्हा आहे. सरकारला खटला मागे घ्यायचा असेल, तरी नव्या संहितेनुसार न्यायालयाने आधी पीडिताला ऐकून घ्यायचं असतं.

राहिला वकिलाच्या फीचा प्रश्न. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 मध्ये महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमाती यांच्यासोबत औद्योगिक कामगाराचंही नाव आहे, आणि या गटांना उत्पन्नाची अट नाही. हे कारखान्याच्या गेटवर ठळक अक्षरांत लावायला हवं. अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे करायचा. चौकशीसाठी राष्ट्रीय मदत क्रमांक 15100.