राजनैतिक अधिकाऱ्यांचे प्रत्यार्पण

राजनैतिक अधिकाऱ्यांचे प्रत्यार्पण म्हणजे परदेशात नेमणुकीवर असताना गंभीर गुन्ह्याचा आरोप झालेल्या आणि नंतर मायदेशी परतलेल्या अधिकाऱ्यास खटल्यासाठी पुन्हा त्या देशाच्या स्वाधीन करणे होय. अशी उदाहरणे विरळा आहेत; कारण बहुतेक प्रकरणे राजनैतिक उन्मुक्तीपाशीच (कायदेशीर संरक्षणापाशी) थांबतात.

कायदेशीर आधार

राजनैतिक संबंधांविषयीचा व्हिएन्ना करार १८ एप्रिल १९६१ रोजी संमत झाला व १९६४ मध्ये अमलात आला. कलम २९ नुसार राजनैतिक अधिकाऱ्यास अटक करता येत नाही आणि कलम ३१ नुसार यजमान देशात त्याच्यावर फौजदारी खटला चालत नाही. कलम ३७ अन्वये दूतावासातील प्रशासकीय व तांत्रिक कर्मचाऱ्यांनाही फौजदारी खटल्यापासून संरक्षण मिळते.

ही उन्मुक्ती व्यक्तीची नसून तिला पाठवणाऱ्या देशाची असते. त्यामुळे ती काढून घेण्याचा अधिकार त्याच देशाला आहे (कलम ३२). यजमान देश संबंधितास फार तर 'अवांछित व्यक्ती' घोषित करू शकतो (कलम ९). मात्र उन्मुक्ती म्हणजे निर्दोषत्व नव्हे. मायदेशाचे न्यायालय खटला चालवू शकते. तसेच पद संपून देश सोडल्यावर केवळ अधिकृत कामापुरतेच संरक्षण उरते (कलम ३९). खाजगी कृत्यांबाबत प्रत्यार्पणाचा मार्ग येथूनच खुला होतो.

वेलिंग्टन प्रकरण

मे २०१४ मध्ये न्यूझीलंडची राजधानी वेलिंग्टन येथील मलेशियाच्या उच्चायोगातील एका लष्करी कर्मचाऱ्यावर, तरुणीच्या घरात शिरून बलात्काराच्या उद्देशाने हल्ला केल्याचा आरोप ठेवण्यात आला. न्यूझीलंडने उन्मुक्ती मागे घेण्याची विनंती केली; ती मलेशियाने नाकारली व कर्मचारी मायदेशी परतला. न्यूझीलंडच्या परराष्ट्र खात्यातील अधिकाऱ्यांच्या संदिग्ध निरोपांमुळे मलेशियाचा गैरसमज झाल्याचे पुढे उघड झाले. पीडित तरुणीने स्वतःची ओळख जाहीर करून सरकारला जाब विचारला. त्याआधीच जनमताचा दबाव वाढल्यावर मलेशियाने त्यास परत पाठवण्याचे मान्य केले होते आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये प्रत्यार्पण झाले. पुढे त्याने विनयभंगाचा गुन्हा कबूल केला. फेब्रुवारी २०१६ मध्ये त्यास नऊ महिन्यांच्या गृहबंदीची शिक्षा झाली.

अन्य उदाहरणे

जानेवारी १९९७ मध्ये वॉशिंग्टन येथे जॉर्जियाच्या दूतावासातील एका ज्येष्ठ अधिकाऱ्याने मद्यधुंद अवस्थेत केलेल्या मोटार अपघातात सोळा वर्षांची मुलगी मरण पावली. जॉर्जियाने उन्मुक्ती काढून घेतल्यामुळे प्रत्यार्पणाची गरजच पडली नाही. त्याच्यावर अमेरिकेतच खटला चालून कारावासाची शिक्षा झाली.

भारतात सप्टेंबर २०१५ मध्ये गुडगाव येथे दोन नेपाळी महिलांनी सौदी अरेबियाच्या एका राजनैतिक अधिकाऱ्यावर बलात्काराचे आरोप केले. दूतावासाने आरोप फेटाळले. उन्मुक्ती असल्याने अटक झाली नाही व संबंधित अधिकारी भारत सोडून गेला.

भारतातील तरतुदी

व्हिएन्ना कराराच्या तरतुदींना भारतात १९७२ च्या अधिनियमान्वये कायद्याचे बळ मिळाले. प्रत्यार्पणाची कार्यपद्धती प्रत्यार्पण अधिनियम, १९६२ मध्ये दिलेली आहे. परदेशातून आरोपी मिळवणे मात्र त्या देशाशी असलेल्या करारावर, तेथील कायद्यावर आणि अंतिमतः तेथील सरकारच्या इच्छेवर अवलंबून राहते.