घरगुती उद्योगाचा आराखडा कसा लिहावा?

घरगुती उद्योग म्हटला की आपल्याकडे पहिला प्रश्न निघतो तो कर्जाचा. कर्ज किती मिळेल, सबसिडी किती, जामीन कोण राहणार? आमच्या मते हा प्रश्न शेवटचा आहे. त्याआधी एका साध्या वहीत आपल्या हाताने उद्योगाचा आराखडा लिहून काढणे अगत्याचे आहे. आराखडा केवळ बँकेच्या साहेबांना दाखविण्यासाठी नसतो. आपले कष्ट फुकट तर जाणार नाहीत ना, हे आधी पाहण्याचे ते साधन आहे. तो दोन-चार पानांत मावतो आणि बेरीज-वजाबाकी येणाऱ्या कोणालाही लिहिता येतो.

शाहूवाडी तालुक्यात डोंगरउतारावर नाचणी पिकते. म्हणून नाचणीच्या पापडाचेच उदाहरण घेऊ.

१. गिऱ्हाईक कोण?

राजर्षी शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने गंगाराम कांबळे यांनी कोल्हापुरात चहाचे हॉटेल काढले. पण अस्पृश्याच्या हातचा चहा म्हणून गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हा महाराज स्वतः तेथे गाडी थांबवून चहा घेऊ लागले. माल तयार होणे आणि तो विकला जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या प्रसंगातून कळते. महाराज आता आपल्या दारी येणार नाहीत. गिऱ्हाईक आपणच शोधले पाहिजे. वहीच्या पहिल्या पानावर मलकापूर-बांबवड्याची दुकाने, आठवडी बाजार, मुंबईला राहणारे नातेवाईक अशी नावे लिहा. प्रत्येकाला विचारून तो महिन्याला किती पाकिटे घेईल, हे त्याच्या नावापुढे मांडा. 'सगळेच घेतील' हे उत्तर नव्हे.

२. एका घाण्याचा खर्च किती?

पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. दर आपल्या बाजाराचे धरावेत. नाचणी ११ किलो, ५५० रुपये. दळण ९०. तीळ, जिरे, मीठ, पापडखार २१०. जळण १५०. पिशव्या व लेबल १८०. बसभाडे १२०. एकूण १,३०० रुपये. तूटफूट वजा जाता ९ किलो पापड हाती आले, तर २०० ग्रॅमची ४५ पाकिटे होतात. म्हणजे एका पाकिटाला सुमारे २९ रुपये खर्च आला.

३. आपली मजुरी धरली का?

येथेच बहुतेकांचा हिशेब फसतो. दुकानदार ४५ रुपयांनी पाकीट मागतो. २,०२५ रुपये येतात, ७२५ उरतात. घरात आनंद होतो. पण या घाण्यासाठी दोघी जणी दोन-दोन दिवस राबल्या, म्हणजे चार रोज झाले. रोजाला पडले १८१ रुपये! शेतावरची मजुरी ३०० रुपये धरली तर चार रोजांचे १,२०० होतात. ते मिळविल्यास खरा खर्च २,५०० रुपये, म्हणजे पाकिटाला सुमारे ५६ रुपये. ६० रुपये भाव मिळाला तरच २०० रुपये नफा. घरच्या बाईचे श्रम शून्य धरले की तोट्याचा धंदाही नफ्याचा दिसतो. म्हणून मजुरीचा रकाना कधीही कोरा ठेवू नये.

४. पैसा कोणत्या महिन्यात जातो, कोणत्या महिन्यात येतो?

आपल्याकडे जूनपासून चार महिने धुवाधार पाऊस. पापड उन्हाळ्यात वाळवायचे आणि पावसाळ्यात विकायचे. बारा घाणे काढले तर पहिले पाकीट खपण्याआधी १५,६०० रुपये रोख खर्च होतात; त्यात दुकानदाराची उधारी वेगळी. बारा महिन्यांचे बारा रकाने आखून प्रत्येकात 'गेले' आणि 'आले' लिहिले की अडचणीचा महिना आधीच दिसतो.

ही अडचण लिज्जत पापडालाही आली होती. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातील सात महिलांनी ८० रुपये उसने घेऊन काम सुरू केले. पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली. पहिल्याच पावसाळ्यात पापड वाळेनात, म्हणून काम चार महिने बंद ठेवावे लागले. पुढच्या वर्षी त्यांनी खाट आणि शेगडी आणली. खाटेवर पापड, खाली शेगडी! मार्ग साधा होता, परंतु तो पावसाआधी सुचणे महत्त्वाचे.

५. भांडवल किती?

आता कर्जाचा प्रश्न. मुद्रा योजनेत २०१५ पासून 'शिशु' गटात ५० हजार रुपयांपर्यंत कर्ज मिळते. अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी १९७८ साली स्थापन झालेले महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ आहे. जिल्हा कार्यालयात चालू योजनांची चौकशी करावी. मात्र ५० हजार मिळतात म्हणून ५० हजार घेऊ नयेत. वही २० हजार म्हणत असेल तर २० हजारच घ्यावेत. हप्ता कधी सुरू होणार, हेही सहीपूर्वी विचारावे. पापड डब्यात आणि हप्ता दारात, अशी पाळी येऊ नये. खाद्यपदार्थ विकण्यासाठी अन्न सुरक्षा कायद्याखालील नोंदणी आवश्यक आहे. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर मोफत होते, त्यासाठी कोणाला पैसे देऊ नयेत.

सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करावयास सांगितले आहे: एक उपभोगासाठी, दोन व्यवसायासाठी आणि चौथा संकटकाळासाठी राखीव. आराखड्याच्या शेवटच्या पानावर हे चार रकाने जरूर आखावेत.

हायस्कूल-कॉलेजात शिकणाऱ्या मुलामुलींनी सुट्टीत आपल्या आईजवळ बसून हा हिशेब मांडावा. आकडे जुळले तर उद्योग सुरू करावा. न जुळले तर भाव, माल किंवा गिऱ्हाईक बदलून पुन्हा मांडावा. वहीतला तोटा खोडून टाकता येतो, कर्जातला नाही.