'नंतर' दाबण्याआधी हे वाचा

लॅपटॉप सुरू केला की कोपऱ्यात सूचना येते: अपडेट तयार आहे, रीस्टार्ट करा. सबमिशन तोंडावर असतं, म्हणून तुम्ही 'नंतर' दाबता. असे महिने जातात. जळगावच्या गोलाणी मार्केटमधून घेतलेला लॅपटॉप असो की धुळ्यात देवपूरच्या रूमवर तिघांनी मिळून वापरलेला पीसी, हे 'नंतर' सगळीकडे सारखंच! पण त्या अपडेटमध्ये नेमकं असतं काय? एक खरा किस्सा बघू.

ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा म्हणजे कर्नल. तुम्ही टाइप केलेले पासवर्ड, उघडलेल्या फाइल्स, नेटवर्क, सगळं त्याच्या हातून जातं. म्हणून कर्नलची मेमरी साध्या प्रोग्रामला वाचता येऊ नये, अशी सोय प्रोसेसरमध्येच केलेली असते. 3 जानेवारी 2018 रोजी जगाला कळलं, की या सोयीला वळसा घालता येतो. त्रुटीचं नाव 'मेल्टडाउन'. गुगल प्रोजेक्ट झीरोचे यान हॉर्न, जर्मनीची सायबरस टेक्नॉलॉजी आणि ऑस्ट्रियाचं ग्राझ तंत्रविद्यापीठ यांनी ती स्वतंत्रपणे शोधली. मोठा फटका इंटेलच्या प्रोसेसरना होता.

गळती होते कशी? समजा, खानावळीच्या गल्ल्यात एक गुप्त चिठ्ठी आहे. गिऱ्हाईक म्हणतं, "चिठ्ठीवर लिहिलेली भाजी आणा." घाईतला आचारी चिठ्ठी वाचून कढई चढवतो. तेवढ्यात मालक ओरडतो, "ही ऑर्डर रद्द!" ताट काही बाहेर येत नाही, पण भाजी तयारच असते. मग गिऱ्हाईक एकेक भाजी मागत जातं. शेवभाजीला वेळ लागतो, डाळगंडोरीलाही लागतो, भरीत मात्र झटकन येतं. चिठ्ठीवर काय होतं, ते कळलंच की!

प्रोसेसरही असाच घाईत, परवानगी तपासून होण्याआधी पुढचं काम करून ठेवतो. परवानगी नाकारली की उत्तर पुसतो, पण कॅशमध्ये खूण राहते. वेळ मोजून ती ओळखता येते. संशोधकांनी अशा प्रकारे सेकंदाला 503 किलोबाइटपर्यंत माहिती वाचून दाखवली.

विकलेल्या चिप तर बदलता येत नाहीत. मग उपाय कर्नलमध्ये केला. लिनक्समध्ये त्याचं नाव 'केपीटीआय'. साधा प्रोग्राम चालू असताना कर्नलची जवळपास सगळी मेमरी त्याच्या नकाशातूनच काढून टाकायची. म्हणजे चिठ्ठीच खानावळीतून हलवली! यामुळे काही कामं थोडी मंदावतात, पण गळती थांबते. विंडोजसाठीही त्याच जानेवारीत अपडेट आलं. मात्र रीस्टार्ट केल्याशिवाय नवा कर्नल सहसा चालू होत नाही. तुमचं 'नंतर' इथे नडतं.

मग तुम्ही काय कराल?

एक, आज रात्री रीस्टार्ट करा.

दोन, विंडोज 10 चा मोफत सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. लॅपटॉप जुना असेल आणि विंडोज 11 चालत नसेल, तर लिनक्स टाकून बघा. सीडॅकची 'बॉस' ही आपल्या देशातली लिनक्स आहे.

तीन, लिनक्सवर टर्मिनलमध्ये 'एलएससीपीयू' ही आज्ञा द्या. नव्या आवृत्त्यांत 'मेल्टडाउन'समोर 'नॉट अफेक्टेड' किंवा 'मिटिगेशन' दिसलं तर ठीक. 'व्हल्नरेबल' दिसलं तर अपडेट बाकी आहे.

चार, मेल्टडाउनसाठी हल्लेखोराचा कोड तुमच्याच मशीनवर चालावा लागतो. त्यामुळे पेनड्राइव्हवरून फिरणारं क्रॅक सॉफ्टवेअर टाळा.

पाच, कॉलेजच्या लॅबमध्ये महाडीबीटीचा स्कॉलरशिप फॉर्म भरताना एकाच पीसीवर दिवसभरात किती जण बसतात, आठवा. लॅब असिस्टंट सरांना विचारा, "सर, या पीसीवर शेवटचं अपडेट कधी केलं?" प्रश्न साधा आहे, पण त्या फॉर्ममध्ये तुमचा आधार आणि बँक खातं आहे.