वस्तीतला बर्फ

ऑटवात आमच्या वस्तीला लागून एक मोकळं मैदान आहे. हिवाळ्यात आम्ही शेजारीपाजारी मिळून तिथे रिंक करतो. रिंक म्हणजे स्केटिंगसाठी गोठवलेला बर्फाचा सपाट पाटा. स्केट्स म्हणजे तळाला पोलादी पातं असलेले बूट. ना तिकीट, ना मोठं यंत्र. पाण्याची नळी, फावडी आणि थंडी एवढंच भांडवल. कॅनडात अशा रिंका गावोगावी आहेत. पण थंडीचा भरवसा आता उरलेला नाही. या रिंका पुढे टिकतील का, हे समजायचं तर त्या होतात कशा ते आधी पाहावं लागेल.

पहिलं काम जागा निवडण्याचं. डोळ्यांना सपाट दिसणारं मैदान सपाट नसतं. आपल्याकडचे गवंडी पाणी भरलेली पारदर्शक नळी घेऊन लेव्हल काढतात, तीच युक्ती इथे चालते. वीस मीटर लांबीत एक टोक १५ सेंटिमीटर खाली असेल, तर सगळं पाणी तिकडे धावतं. तिथे खोल डबकं साचतं आणि ते आठवडाभर गोठत नाही.

जागा निवडताना सावलीही बघावी. ऑटवात डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारी सूर्य क्षितिजाच्या जेमतेम २१ अंश वर असतो, तोही दक्षिणेला. त्यामुळे दक्षिणेच्या बाजूला इमारत किंवा दाट झाडं असतील, तर रिंकवर दिवसभर सावली राहते. पूर्वी आम्ही याचा विचारही करत नव्हतो. आता सगळ्यात आधी तेच बघतो. कडेच्या फळ्या पांढऱ्या रंगवाव्यात. गडद फळी ऊन शोषते आणि बर्फ आधी तिच्या कडेला सुटतो.

यानंतर थांबायचं, आणि बहुतेक जण इथेच चुकतात. पहिली थंड रात्र आली की हात शिवशिवतात. मीही पहिल्या वर्षी घाईने पाणी सोडलं होतं. जमीन आतून उबदार होती. वर साय धरली, खाली चिखल झाला आणि सगळं पुन्हा करावं लागलं. ऑन्टारिओतल्या विल्फ्रिड लॉरिए विद्यापीठातल्या भूगोलाच्या अभ्यासकांनी २०१३ साली ‘रिंकवॉच’ नावाचा उपक्रम सुरू केला. त्यात लोक आपापल्या रिंकची रोजची स्थिती कळवतात. त्या नोंदींवरून असं दिसलं, की दिवसाचं सरासरी तापमान उणे पाचच्या आसपास किंवा खाली असेल, तर रिंक सहसा वापरता येते. आपण हाच आकडा धरून चालावं. रिंकचा पाया घालायला मात्र लागोपाठ तीन-चार रात्री उणे दहाच्या मिळाल्या तर उत्तम.

आता पाया. पडलेलं हिम काढून टाकू नका, पायांनी तुडवून घट्ट करा. मोकळं हिम म्हणजे गोधडी. ते जमिनीला गार होऊ देत नाही. तुडवलेल्या हिमावर पाण्याचा हलका फवारा मारला की त्याचा लगदा होतो आणि रात्रीत तो दगडासारखा होतो. हिम पडलंच नसेल, तर पांढरं प्लास्टिक अंथरून त्यावर पाणी भरतात. हिमाचा नेम राहिलेला नाही, त्यामुळे हे प्लास्टिक आता जास्त उपयोगी पडू लागलंय.

मग पाण्याचे थर. अंगण सारवताना शेण जाड थापत नाहीत, हात पातळ फिरवतात, इथेही तसंच. एक थर तीन मिलिमीटरचा, तो पूर्ण गोठला की दुसरा. वीस मीटर लांब आणि दहा मीटर रुंद रिंकला एका थराला ६०० लिटर पाणी लागतं. दहा सेंटिमीटर जाडी करायची, तर सगळं मिळून १८ हजार लिटर, म्हणजे जवळजवळ दोन टँकर. नळी एका जागी धरू नका, खड्डा पडतो. हिम नीट दाबलेलं नसेल, तर पाणी खाली मुरतं आणि वर फुगलेल्या पुरीसारखा पोकळ पापुद्रा राहतो. लहान मूल त्यावर आलं की पातं आत रुततं आणि मूल तोंडावर पडतं. असा पापुद्रा दिसला तर तो फोडून, लगदा भरून पुन्हा गोठवावा. त्यावर नुसतं पाणी ओतून तो झाकू नये.

रिंक तयार झाली तरी रोजचं काम राहतंच. हिम पडलं की लगेच फावड्याने काढायचं, रात्री नऊनंतर मुलं घरी गेली की एक थर द्यायचा. त्या वेळी डोक्याला टॉर्च बांधलेला असतो, पाणी पसरताना त्यातून वाफ उठते आणि गोठता गोठता बर्फ बारीक टिकटिक आवाज करतो. काम संपलं की नळी रिकामी करून घरात न्यायची, नाहीतर सकाळी ती लोखंडी कांबीसारखी ताठ झालेली असते. बर्फ मऊ पडला तर रिंक सरळ बंद ठेवावी. मुलं हिरमुसतात, पण ओल्या बर्फात पडलेल्या चिरा पुन्हा गोठल्या की घोटा मोडतात.

आता पुढचं. ऑटवातल्या रिडो कालव्यावर १९७०-७१ च्या हिवाळ्यापासून स्केटिंगचा मार्ग तयार होतो, आता तो ७.८ किलोमीटरचा आहे. तो उघडायला सुमारे ३० सेंटिमीटर जाड चांगला बर्फ लागतो. २०२२-२३ मध्ये तो एक दिवसही उघडला नाही, पुढच्या हिवाळ्यात मोजके दिवस उघडला आणि २०२५ मध्ये पुन्हा ५०च्या आसपास दिवस मिळाले. खरी अडचण या अनिश्चिततेत आहे. वस्तीतल्या रिंकवर तर एक पाऊस आला की तीन आठवड्यांची मेहनत वाहून जाते. असं दोनदा झालं की तिसऱ्यांदा नळी धरायला माणसं येत नाहीत. बर्फाच्या आधी माणसं हरतील, ही माझी खरी काळजी आहे.

उपाय आहेत. काँक्रीटच्या आत नळ्या घालून त्यांतून शून्याखाली गार केलेलं खारं पाणी फिरवलं, की बाहेर शून्याच्या थोडं वर तापमान असलं तरी बर्फ टिकतो. टोरोंटोत अशा पन्नासहून अधिक उघड्या रिंका आहेत. वर छप्पर घातलं तर पाऊस आणि ऊन दोन्ही अडतात. पण वीज, यंत्र, देखभाल यांचा खर्च प्रत्येक वस्तीला झेपणार नाही. प्लास्टिकच्या फरशांची रिंकही मिळते. तिच्यावर पाती लवकर बोथट होतात आणि घसरण बर्फासारखी नसते. मला विचाराल तर चार-पाच वस्त्यांत मिळून एक गार केलेली रिंक असावी, आणि जिथे सावली आहे तिथे नळीने केलेल्या रिंकाही चालू ठेवाव्यात. मुलाला संध्याकाळी स्केट्स खांद्यावर टाकून चालत जाता आलं पाहिजे. गाडी काढावी लागली की निम्मी मुलं घरीच बसतात.

नव्याने कॅनडात आलेली मराठी कुटुंबं विचारतात, आपल्याला यातलं काय येणार? नोव्हेंबरात वस्तीच्या मंडळाची बैठक असते. तिथे जाऊन आठवड्यातली एक रात्र मागून घ्या. लोकरीच्या हातमोज्यांवर रबराचे हातमोजे चढवा, आणि पहिल्या रात्री जुन्या माणसाच्या मागे नळी उचलून धरा, म्हणजे ती ताज्या पाण्यातून फरफटणार नाही.