तोफखान्यातला चित्रकार

आजचा भाग जुन्या शहरचित्रांचा आहे, आणि ती काढणारा माणूस माझ्यासारखाच तोफखान्यातला.

योहानेस राख १७२० साली कोपनहेगनला जन्मला. डच ईस्ट इंडिया कंपनीत तो गोलंदाज म्हणून भरती झाला. १७६०च्या दशकात बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला पोहोचला, पुढे अधिकारी झाला आणि १७८३ मध्ये तिथेच वारला. नोकरी सांभाळून त्याने शाई आणि पातळ करड्या रंगात या शहराची असंख्य दृश्यं काढली. चौक, रस्ते, चर्च.

असं चित्र वाचायचं कसं? देवळालीला आम्हाला समोरच्या मुलुखाचं रेखाटन शिकवायचे. जवळचं, मधलं, दूरचं असे तीन पट्टे पाडायचे आणि एकेक नोंदवायचा. एकदा चित्र नेटकं दिसावं म्हणून मी एक नाला गाळला. उस्तादांनी कागद पाहून एवढंच विचारलं, "साहब, दुश्मन इसी नाले में बैठा हो तो?" तो प्रश्न मी आजही विसरलो नाही.

तेच तीन पट्टे इथे लावू. दूर दिसतो नव्या डच चर्चचा घुमट. हे चर्च १७३६ मध्ये पूर्ण झालं. भूकंपाने खिळखिळं झाल्यावर १८०८ मध्ये पाडलं. त्या जागी आज छायाबाहुल्यांचं वायांग संग्रहालय आहे. इमारत गेली, पण ती कशी दिसायची हे अशा चित्रांमुळेच कळतं. मधल्या पट्ट्यात चौक आणि नगरभवन. ते मात्र अजून उभं आहे, त्यात शहराच्या इतिहासाचं संग्रहालय आहे.

आता जवळचा पट्टा. राखच्या दृश्यांत साहेब चालतो आणि मागे गुलाम छत्री धरून असतो. ती छत्री केवळ उन्हासाठी नव्हती. कोणी कसे कपडे घालावेत, कशी गाडी, कशी छत्री वापरावी, हे १७५४च्या नियमांनी हुद्द्याप्रमाणे ठरवलं होतं. म्हणजे छत्री हा एक प्रकारे खांद्यावरचा बिल्लाच!

आणि न दिसणारा नाला? याच शहरात ऑक्टोबर १७४० मध्ये हजारो चिनी रहिवाशांची कत्तल झाली. १७३३ नंतर तर युरोपातून नव्याने आलेली माणसं पहिल्या वर्षातच मोठ्या संख्येने तापाने मरत. त्याचं मुख्य कारण मलेरिया असावं, असं आजचे अभ्यासक मानतात. चित्रातले रस्ते मात्र रुंद, स्वच्छ आणि शांत आहेत.

राख खोटं बोलला, असं मी म्हणणार नाही. डोळ्यांपुढे होतं ते त्याने इमानाने काढलं. छत्री धरणाराही गाळला नाही. पण कत्तल तो येण्याआधी झाली होती, आणि ताप काही रेषेत पकडता येत नाही. तो शोधायचं काम पाहणाऱ्याचं.

तेव्हा जुन्या शहराचं चित्र समोर आलं, की घुमटाकडे शेवटी बघा. आधी बघा, छत्री कोणाच्या हातात आहे आणि सावली कोणाच्या डोक्यावर.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.