प्रणाली संचिकांची दुरुस्ती

प्रणाली संचिकांची दुरुस्ती म्हणजे वैयक्तिक संगणकाच्या संचालन प्रणालीतील बिघडलेल्या, गहाळ झालेल्या किंवा अनधिकृतपणे बदललेल्या संचिका शोधून त्यांच्या जागी मूळ व विश्वासार्ह प्रती बसविण्याची प्रक्रिया होय. संचिका या शब्दाऐवजी व्यवहारात फाईल हा शब्द रूढ आहे. संगणक सुरू होणे, पडद्यावर अक्षरे उमटणे, छपाई होणे, आंतरजालाशी जोडणी होणे ही सर्व कामे प्रणाली संचिकांवर अवलंबून असतात. त्यांपैकी एखादी बिघडली, तरी संगणक वारंवार बंद पडणे, निळा पडदा येणे, एखादा प्रोग्रॅम न उघडणे किंवा संगणक मुळीच सुरू न होणे अशी लक्षणे दिसतात. प्रस्तुत लेखात मुख्यत्वे मायक्रोसॉफ्ट विंडोज या प्रणालीचा विचार केला आहे.

वापरकर्त्याने स्वतः तयार केलेली पत्रे, छायाचित्रे, हिशेब व हस्तलिखिते या प्रणाली संचिका नव्हेत. प्रणाली संचिकेची मूळ प्रत निर्मात्याकडे सदैव उपलब्ध असते. वापरकर्त्याच्या मजकुराची प्रत मात्र त्याने स्वतः ठेवली नसेल, तर जगात दुसरीकडे कोठेही नसते. दुरुस्तीचा मार्ग निवडताना हा भेद सर्वांत महत्त्वाचा ठरतो. ‘फॉरमॅट’ मारून प्रणाली नव्याने टाकणे हा दुकानांतून सर्रास सुचविला जाणारा उपाय प्रणालीपुरता रामबाण असला, तरी त्यात वर्षानुवर्षांचा मजकूर कायमचा नष्ट होऊ शकतो.

बिघाडाची कारणे

१. वीजपुरवठा खंडित होणे : संचिका लिहिली जात असताना, विशेषतः प्रणालीचे अद्ययावतीकरण चालू असताना वीज गेली, तर काही भाग नवा व काही भाग जुना अशी अवस्था उरते. विंडोजची एनटीएफएस ही संचिका-व्यवस्था नोंदवही ठेवून स्वतःची रचना सावरते. परंतु संचिकेतील आशयाची हमी ती नोंदवही देत नाही.

२. डिस्कचा बिघाड : हार्ड डिस्कचे काही भाग वाचता येईनासे होतात. एसएसडी प्रकारच्या डिस्क अनेकदा पूर्वसूचना न देता निकामी होतात.

३. सदोष स्मृती : रॅम सदोष असल्यास वाचताना व लिहिताना आशयात बदल होतो. अशा संगणकात दुरुस्त केलेली संचिका पुन्हा बिघडू शकते.

४. विषाणू : काही संगणक विषाणू प्रणाली संचिकांमध्ये स्वतःचा भाग मिसळतात, तर काही त्या पुसून टाकतात.

५. सदोष अद्ययावतीकरण व विषाणूरोधकाची चूक : २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफी या विषाणूरोधकाच्या एका अद्ययावत संचाने विंडोज एक्सपीमधील ‘एसव्हीसीहोस्ट’ या अत्यावश्यक संचिकेलाच विषाणू ठरविले आणि असंख्य संगणक बंद पडले.

इतिहास

१९९० च्या दशकात विंडोजमध्ये कोणताही प्रोग्रॅम स्थापित होताना सामायिक संचिकांवर स्वतःची, बहुधा जुनी, प्रत लिहीत असे. त्यामुळे एक प्रोग्रॅम टाकला की दुसरा बंद पडे. विंडोज ९८ मध्ये ‘सिस्टीम फाईल चेकर’ हे तपासणीचे साधन देण्यात आले. विंडोज २००० मध्ये संचिका-संरक्षणाची व्यवस्था आली. महत्त्वाच्या संचिकांच्या प्रती एका राखीव कोठारात ठेवल्या जात व बदल आढळताच मूळ प्रत परत बसविली जाई. कोठारात प्रत नसल्यास मूळ सीडी मागितली जाई. विंडोज व्हिस्टापासून ही व्यवस्था अधिक कडक झाली. तेव्हापासून संरक्षित संचिका बदलण्याचा अधिकार प्रशासक-खात्यालाही थेट नसतो. तो ‘ट्रस्टेड इन्स्टॉलर’ या सेवेकडे असतो. विंडोज ८ पासून कोठाराचीच दुरुस्ती करणे ‘डिझम’ या साधनाद्वारे शक्य झाले.

तपासणीचे तत्त्व

संगणक संचिकेतील चूक ‘वाचून’ ओळखत नाही. प्रत्येक संचिकेच्या आशयावर गणिती क्रिया करून ठरावीक लांबीची एक संख्या काढली जाते. तिला हॅश म्हणतात. आशयातील एक बिट जरी बदलला, तरी ही संख्या पूर्णपणे वेगळी येते. मूळ संचिकांचे हॅश निर्मात्याच्या अंकीय स्वाक्षरीसह विंडोजमध्ये नोंदलेले असतात. तपासणीच्या वेळी प्रत्येक संचिकेचा हॅश नव्याने काढून नोंदीशी ताडला जातो. जुळला नाही, तर ‘विनएसएक्सएस’ नावाच्या घटक-कोठारातील प्रत मूळ जागी बसविली जाते. या कोठाराचा आकार अनेक गिगाबाईट दिसतो, म्हणून जागा मोकळी करण्यासाठी त्यातील संचिका हाताने पुसल्या जातात. असे केल्यास दुरुस्तीचा आधारच नाहीसा होतो.

दुरुस्तीचा क्रम

(अ) मजकुराची प्रत : संगणक सुरू होत असेल, तर सर्वप्रथम वैयक्तिक मजकूर बाहेरील डिस्कवर उतरवून घ्यावा. सुरू होत नसेल, तर पेन ड्राइव्हवरून चालणारी लिनक्स प्रणाली वापरून किंवा डिस्क दुसऱ्या संगणकास जोडून हे काम करता येते.

(आ) डिस्कची तपासणी : ‘चेकडिस्क’ ही आज्ञा संचिका-व्यवस्थेतील दोष दूर करते. मात्र डिस्कमधून खटखट असा आवाज येत असेल किंवा संचिका वाचण्यास असाधारण वेळ लागत असेल, तर प्रत घेण्यापूर्वी ही आज्ञा देऊ नये. तिच्या सखोल तपासणीचा ताण मरणासन्न डिस्कला सोसत नाही.

(इ) एसएफसी : ‘कमांड प्रॉम्प्ट’ प्रशासक म्हणून उघडावा. रोमन लिपीत एस, एफ, सी ही तीन अक्षरे, नंतर मोकळी जागा, उजवीकडे झुकलेली तिरकी रेघ व तिला जोडून ‘स्कॅननाऊ’ हा एकच शब्द टाइप करून एंटर कळ दाबावी. तपासणीस काही मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत वेळ लागतो. शेवटी पुढीलपैकी एक निष्कर्ष मिळतो : कोणताही दोष आढळला नाही, दोष आढळले व दुरुस्त झाले, दोष आढळले, पण काही दुरुस्त करता आले नाहीत, किंवा तपासणीच पूर्ण होऊ शकली नाही. तपशील विंडोज फोल्डरमधील ‘लॉग्ज’ व त्यातील ‘सीबीएस’ या फोल्डरात नोंदला जातो. तिसरा निष्कर्ष आल्यास कोठारातील प्रतही बिघडली असण्याची शक्यता मोठी असते.

(ई) डिझम : हे साधन कोठार तपासते. त्याचे तीन पर्याय आहेत. ‘चेकहेल्थ’ हा पूर्वी नोंदलेला बिघाड क्षणात सांगतो, ‘स्कॅनहेल्थ’ हा संपूर्ण तपासणी करतो आणि ‘रिस्टोअरहेल्थ’ हा विंडोज अपडेटकडून चांगल्या प्रती आणून कोठार दुरुस्त करतो. आंतरजाल नसल्यास विंडोजच्या स्थापना-माध्यमाचा मार्ग देता येतो. मात्र त्या माध्यमाची आवृत्ती, प्रकार व भाषा संगणकातील विंडोजशी जुळली पाहिजे. प्रगती दाखविणारी टक्केवारी मध्येच बराच वेळ थांबल्यासारखी दिसते. तेवढ्यावरून खिडकी बंद करू नये. एसएफसी ज्या कोठारातून प्रती घेते, ते कोठार आधी शुद्ध असावे, म्हणून विंडोज ८ व पुढील आवृत्त्यांत डिझम प्रथम व एसएफसी नंतर असा क्रम मायक्रोसॉफ्ट सुचविते. एसएफसी आधी चालविली असल्यास डिझमनंतर ती पुन्हा चालवावी.

(उ) बाहेरून दुरुस्ती : विंडोज सुरूच होत नसेल, तर पुनर्प्राप्ती वातावरणातून किंवा स्थापना-पेन ड्राइव्हवरून एसएफसी चालविता येते. तेथे विभागांची अक्षरे बदललेली असू शकतात. नेहमीचा ‘सी’ विभाग ‘डी’ म्हणून दिसतो. म्हणून विंडोज फोल्डर कोठे आहे हे आधी पाहावे. अनेक नव्या संगणकांत डिस्क आपोआप कूटबद्ध केलेली असते व ती उघडण्यास ४८ अंकी पुनर्प्राप्ती कळ लागते. ही कळ संगणक चालू स्थितीत असतानाच कागदावर उतरवून ठेवणे हिताचे असते.

(ऊ) अखेरचे उपाय : आधीच्या टप्प्यावर परत जाणे म्हणजेच सिस्टीम रिस्टोअर, असलेल्या विंडोजवर तीच आवृत्ती पुन्हा बसविणे, ‘माझ्या संचिका ठेवा’ हा पर्याय निवडून संगणक रिसेट करणे आणि सर्वांत शेवटी डिस्क पुसून नवी स्थापना करणे, असा हा चढता क्रम आहे. रिसेटमध्ये वैयक्तिक मजकूर राहतो, पण वापरकर्त्याने स्थापित केलेले प्रोग्रॅम निघून जातात.

मराठी वापरकर्ते आणि फॉन्ट

मराठी मजकूर विचित्र दिसू लागला की प्रणाली बिघडली असा समज होतो. पुष्कळदा तो खरा नसतो. युनिकोडपूर्व काळातील अनेक मराठी फॉन्टांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी चिन्हे बसविलेली होती. असा फॉन्ट संगणकात नसेल, तर तोच मजकूर निरर्थक रोमन अक्षरांत दिसतो. संचिका शाबूत असते. फक्त फॉन्ट पुन्हा बसवावा लागतो. हे फॉन्ट विंडोजचा भाग नसल्याने एसएफसी किंवा डिझम ते परत आणू शकत नाहीत. डिस्क पुसून नवी स्थापना केल्यास ते नाहीसे होतात, म्हणून त्यांची प्रत आधी काढून ठेवावी. जुनी शालेय कागदपत्रे, पुस्तकांची मुद्रणप्रत व संस्थांची इतिवृत्ते यांच्या बाबतीत ही खबरदारी अत्यावश्यक आहे. र. कृ. जोशी यांनी घडविलेला ‘मंगल’ हा युनिकोड फॉन्ट विंडोज १० पासून ऐच्छिक घटकांत गेला आहे. तो आढळला नाही, तर सेटिंगमधून देवनागरी पूरक फॉन्ट जोडावेत.

महाराष्ट्रातील एक उदाहरण

विषाणूमुळे बिघडलेल्या संचिकांच्या दुरुस्तीतून महाराष्ट्रात एक उद्योग उभा राहिला. मूळचे सातारा जिल्ह्यातील रहिमतपूर भागातील कैलास काटकर यांनी पुण्यात गणकयंत्रांच्या दुरुस्तीपासून कामास प्रारंभ केला व पुढे स्वतःचा दुरुस्ती-व्यवसाय काढला. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत विषाणूंचा उपद्रव वारंवार आढळे. त्यांचे धाकटे बंधू संजय काटकर हे संगणकशास्त्राचे विद्यार्थी होते. त्यांनी विषाणू काढणारे प्रोग्रॅम लिहिले. त्यातून १९९० च्या दशकाच्या मध्यास ‘क्विक हील’ हे विषाणूरोधक बाजारात आले. कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस हे कंपनीचे नाव २००७ मध्ये क्विक हील टेक्नॉलॉजीज असे झाले व फेब्रुवारी २०१६ मध्ये तिचे समभाग शेअर बाजारात नोंदले गेले.

विषाणूरोधक व प्रणाली-दुरुस्ती यांची कामे परस्परपूरक आहेत. विषाणूरोधक संचिकेतील परका भाग कापून काढतो. ते शक्य नसल्यास संचिका अलग ठेवतो किंवा पुसतो. पुसलेली संचिका प्रणालीची असेल, तर तिची जागा रिकामी राहते आणि ती भरण्याचे काम एसएफसी करते. म्हणून विषाणू असल्यास आधी तो काढावा व मगच संचिका दुरुस्त कराव्यात. अन्यथा नवी प्रतही बाधित होते.

२०२४ ची जागतिक घटना

१९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने पाठविलेल्या एका सदोष संचिकेमुळे जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. भारतात विमानसेवा विस्कळीत झाली व काही प्रवाशांना हाताने लिहिलेली बोर्डिंग कार्डे देण्यात आली. येथे एसएफसीचा उपयोग नव्हता, कारण बिघडलेली संचिका विंडोजची नव्हती. संगणक ‘सेफ मोड’मध्ये सुरू करून ती एक संचिका पुसणे हाच उपाय होता, परंतु तो बहुतांश ठिकाणी प्रत्येक यंत्रापाशी जाऊन करावा लागला, आणि कूटबद्ध डिस्कची कळ जवळ नसलेल्या ठिकाणी विलंब अधिक झाला.

अन्य प्रणाली

लिनक्सच्या विविध वितरणांत संचिकांचे हॅश पॅकेज-व्यवस्थापकाकडे असतात. डेबियन कुटुंबात ‘डेबसम्स’ व आरपीएम कुटुंबात ‘आरपीएम’ची पडताळणी-आज्ञा वापरून बिघाड शोधतात आणि संबंधित पॅकेज पुन्हा स्थापित करतात. ॲपलच्या मॅकओएस प्रणालीत २०२० च्या ‘बिग सर’ आवृत्तीपासून प्रणालीचा विभाग स्वाक्षरीबद्ध व केवळ-वाचनीय असल्याने सुट्या संचिकेची दुरुस्ती न करता प्रणालीच पुन्हा बसविली जाते.

मर्यादा व दक्षता

एसएफसी व डिझम ही साधने विनामूल्य व विंडोजमध्येच अंतर्भूत आहेत. गहाळ झालेली डीएलएल संचिका अनोळखी संकेतस्थळावरून उतरवून घेऊ नये. तिची आवृत्ती जुळत नाही आणि तीत विषाणू असण्याचा धोका असतो. ‘तुमच्या संगणकात शेकडो दोष आहेत’ असे सांगून पैसे मागणारे प्रोग्रॅम व दूरध्वनी फसवे असतात. अशी आर्थिक फसवणूक झाल्यास १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदविता येते.

दुरुस्तीनंतर थोड्याच दिवसांत त्याच स्वरूपाचा बिघाड पुन्हा उद्भवल्यास कारण प्रणालीत नसून यंत्रभागात असल्याचे समजावे व स्मृती, डिस्क आणि वीजपुरवठा यांची तपासणी करावी. डेस्कटॉप संगणकास यूपीएस जोडणे, अद्ययावतीकरण चालू असताना संगणक बंद न करणे आणि महत्त्वाच्या मजकुराच्या किमान दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवणे हे प्रतिबंधक उपाय आहेत.