एक एकर आणि एक सुई

कांद्याची पट्टी हातात पडली की लासूर स्टेशनच्या बाजारातून माणसं तशीच दवाखान्यात येतात. त्यातलेच एक काका. दुखणं कसं होतं ते त्यांनी बाकावर करूनच दाखवलं: हात पोटावर, गुडघे वर, अंग पुढं वाकलेलं. स्वादुपिंडाला सूज आल्यावर बेंबीच्या वरची कळ पाठीत जाते आणि माणूस असा मुडपून बसतो. दोनदा ॲडमिट होऊन आले होते. मग मोबाईलवरचा एक व्हिडिओ पुढं केला. "डॉक्टरसाहेब, ही स्टेम सेलची सुई घेतली की स्वादुपिंड नवं येतंय म्हणं. एकरभर विकायला काढावं म्हणतो."

स्टेम सेल म्हणजे मूळपेशी. ही निव्वळ थाप असती तर बरं झालं असतं, कोणी फसलं नसतं. 1983 साली मुंबईच्या टाटा रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी देशातलं पहिलं यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण केलं, ते मूळपेशींचंच. ब्लड कॅन्सर, थॅलेसेमिया यांत हा उपचार आता रुळलेला आहे. पण त्या पेशी रक्त बनवणाऱ्या. कांद्याचं बी टाकून कपाशी उगवत नाही.

स्वादुपिंडासाठी दाखवतात त्या पेशी चरबीतून, अस्थिमज्जेतून किंवा नाळेतून काढलेल्या असतात. उंदरांमध्ये त्यांनी दाह कमी केल्याचं दिसलंय. तिथंही त्या स्वतः स्वादुपिंड होत नाहीत, दाह शमवणारी द्रव्यं सोडतात. माणसांवरचे प्रयोग मोजके आणि लहान आहेत. स्वादुपिंडाच्या दाहावर हा मान्य उपचार नाही.

"आपल्याच पेशी, त्यानं काय होणार?" हे वाक्य मी रोज ऐकतो. अमेरिकेत फ्लोरिडातल्या एका दवाखान्यात तीन महिलांच्या डोळ्यांत त्यांच्याच चरबीतून काढलेल्या पेशी टोचल्या आणि त्यांची दृष्टी गेली. 2017 मध्ये हे वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. या उपचारासाठी त्यांनी प्रत्येकी 5,000 डॉलर मोजले होते.

पैसे कोण मागतंय, हे आधी बघावं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताचे ठरावीक आजार वगळता मूळपेशी फक्त मंजूर चाचणीतच वापरता येतात. चाचणीतलं औषध फुकट असतं, इजा झाली तर भरपाई असते आणि चाचणीची सरकारी नोंदणी असते. 'संशोधन चालू आहे' म्हणत लाखाचं बिल हाती देणारा संशोधन करत नाही.

2025 ची एक बातमीही या व्हिडिओंत घुसवलेली असते. टाइप 1 मधुमेहाच्या 12 रुग्णांना मूळपेशींपासून प्रयोगशाळेत घडवलेल्या, इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी दिल्या आणि वर्षभरानं 10 जणांचं इन्सुलिन सुटलं. बातमी खरी आहे. पण आजार वेगळा, पेशी वेगळ्या, आणि शरीरानं त्या नाकारू नयेत म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं सोबत चालूच.

आणखी एक गैरसमज मला जास्त छळतो: स्वादुपिंड सुजलं म्हणजे हा दारू पितोच. दारू मोठं कारण आहेच, तंबाखूही भर घालते. पण पित्ताशयातले खडे तितकंच मोठं कारण. रक्तातली ट्रायग्लिसराइड्स फार वाढली तरी सूज येते. आयुष्यात थेंबही न घेतलेल्या बाईला सासरी टोमणे खाताना पाहिलंय.

अचानक आलेली सूज बहुतेकांत सलाईन, वेदनाशामक आणि लवकर सुरू केलेल्या साध्या जेवणानं उतरते. जुनाट दुखण्यात पाचक एन्झाइमच्या कॅप्सूल लागतात. त्या घासाबरोबर घ्यायच्या, जेवण झाल्यावर तासाभरानं नव्हे. यातल्या कशाचाही व्हिडिओ कोणी पाठवत नाही.

काकांची फाइल उलटली. दोन वर्षांपूर्वीच्या सोनोग्राफीत, घडीवर विरत चाललेल्या ओळीत, पित्ताशयात अनेक खडे असल्याचं लिहिलं होतं. ते कोणी वाचून दाखवलं नव्हतं. घाटी रुग्णालयातल्या सर्जनच्या नावे चिठ्ठी लिहिली.

"मग एकर?"

"राहू द्या. कांदा लावा."